घरी शिकणारी मुलं घरात बसलेली नसतात

दिवाळीची सुट्टी संपून शाळांचं दुसरं सत्र सुरू झालं, की मुलांना घरी शिकवणाऱ्या आमच्यासारख्या पालकांकडे लोक वेगळ्या नजरेनं पाहू लागतात. जूनमध्ये ते नुसते चकित झालेले असतात. नोव्हेंबर उजाडला, की त्यांना मुलांची कीव येऊ लागते. आता शाळाशाळांतून स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू होतील, सहली निघतील, मैदानं आखली जातील आणि आमची दोन मुलं बिचारी गोधडी पांघरून घरात बसणार. ओळखीतले एक निवृत्त मुख्याध्यापक मला म्हणाले, "अगं, पावसाळ्यात ठेव एक वेळ घरी. पण थंडी म्हणजे शाळेचा खरा हंगाम. ते दिवस का बुडवतेस पोरांचे?" त्यांच्या बोलण्यात काळजी होती, दुष्टावा नव्हता. तरीही मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही, कारण या काळजीच्या पोटात शिक्षणाविषयीची जी समजूत आहे, ती चुकीची आहे आणि माझ्या मुलांपेक्षा इतर अनेक मुलांचं ती फार मोठं नुकसान करते आहे.

ती समजूत अशी. शिक्षण शाळेत होतं. घर ही शाळा सुटल्यावर परतायची जागा. जे मूल शाळेत जात नाही, ते घरात कोंडलेलं. थंडीत दिवस लहान, सकाळी उठवत नाही, संध्याकाळी अंधार लवकर पडतो, म्हणजे ते दुप्पट कोंडलेलं. त्याला मित्र मिळत नाहीत, शिस्त लागत नाही, पुढे प्रमाणपत्रासाठी दारोदार फिरावं लागतं. आणि सगळ्यात जड आरोप असा, की ज्या महाराष्ट्रात जोतिराव आणि सावित्रीबाईंनी शेणमातीचा मारा सोसून शाळा चालवल्या, तिथे शिकल्यासवरल्या आईबापांनी आपली मुलं शाळेबाहेर ठेवणं हा त्या वारशाशी द्रोह आहे.

यातलं मला काहीही मान्य नाही.

थंडीपासूनच सुरुवात करते. आम्ही इंदापूर तालुक्यात राहतो. एका बाजूला उजनीचं पाणी, दुसऱ्या बाजूला उसाचे फड, त्यापलीकडे काळ्या रानात ज्वारी आणि हरभरा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरात जे घडतं, तेवढं उरलेल्या आठ महिन्यांत मिळून घडत नाही. ते बहुतेक घडतं सकाळी साडेसात ते संध्याकाळी पाच या वेळात, म्हणजे नेमकं मुलं वर्गात किंवा शाळेच्या गाडीत असतात तेव्हा. मग थंडीत कोंडलेलं कोण असतं?

माझी थोरली बारा वर्षांची आहे. गेल्या हिवाळ्यात तिनं सूर्योदय आणि सूर्यास्ताच्या वेळा वहीत लिहायला घेतल्या. २२ डिसेंबरच्या आसपास वर्षातला सगळ्यात लहान दिवस असतो आणि त्यानंतर दिवस मोठा होऊ लागतो, हे तिनं वाचलेलं होतं. म्हणजे त्यानंतर सूर्य लवकर उगवायला हवा. पण जानेवारी उजाडला तरी सूर्य रोज थोडा उशिराच उगवत होता. आपलं घड्याळ चुकतंय असं वाटून तिनं दाते पंचांग काढलं. आमच्या शेजारच्या जिल्ह्यात, सोलापुरात निघणारं हे पंचांग घरोघरी भिंतीला टांगलेलं असतं, पण त्यातले सूर्योदयाचे रकाने किती मुलं वाचतात? पंचांगही तेच सांगत होतं. सूर्यास्त तर डिसेंबर लागल्यापासूनच पुढे सरकू लागला होता. दिवस संध्याकाळच्या टोकाला वाढत होता आणि सकाळच्या टोकाला अजून कमी होत होता.

कारण शोधता शोधता ती पृथ्वीच्या कक्षेपर्यंत पोचली. कक्षा लंबगोल आहे. ३ ते ५ जानेवारीच्या सुमारास पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ, साधारण १४.७ कोटी किलोमीटरवर असते आणि तेव्हा तिचा वेगही जास्त असतो. त्यात अक्षाचा कल. या दोन्हींमुळे डिसेंबर-जानेवारीत सूर्याची मध्यान्ह घड्याळाच्या हिशेबात रोज काही सेकंद उशिरा येते आणि सूर्योदय-सूर्यास्त दोन्ही आपल्याबरोबर ओढत नेते. हे कळल्यावर धाकट्यानं विचारलं, "सूर्य जवळ असतो, मग थंडी का?" नऊ वर्षांच्या मुलानं हा प्रश्न विचारला, तेव्हा माझ्या हातात कोणतंच पुस्तक नव्हतं. आम्ही अंगणात एक मीटर उंचीची काठी रोवली. डिसेंबरच्या त्या लहान दिवसांत भर मध्यान्हीसुद्धा तिची सावली जवळजवळ ९० सेंटिमीटर पडते. मे महिन्यात अशी एक दुपार येते, की तीच सावली काठीच्या बुडाशी नाहीशी होते. किरण तिरपे पडतात म्हणजे काय, हे त्यानं सावली मोजून समजून घेतलं. चाळीस मिनिटांच्या तासिकेत हे बसवता आलं असतं का? महिनाभर रोज सूर्याची वाट पाहण्याइतकी सवड कोणतं वेळापत्रक देतं?

गुऱ्हाळाचं तेच. सहलीबद्दल लोक इतकं कळवळून बोलतात, म्हणून हे सविस्तर सांगते. शाळेची सहल गुऱ्हाळावर येते, चाळीस-पन्नास मुलं एका रांगेत उभी राहतात, अर्ध्या तासात रस पिऊन, काकवी चाखून, फोटो काढून निघून जातात. शिक्षकांचा जीव सगळा वेळ काहिलीजवळ कोणी जाऊ नये यात अडकलेला असतो आणि तो अडकायलाच हवा. एवढ्या मुलांची जबाबदारी त्यांच्यावर आहे. त्या अर्ध्या तासात काय दिसणार? आमची मुलं दौंडच्या बाजूला एका ओळखीच्या गुऱ्हाळावर सकाळपासून आधण उतरेपर्यंत बसून राहिली. चरकातून निघालेला हिरवट मातकट रस काहिलीत पडताना पाहिला. जास्वंदीच्या फुलांनी रंगवलेल्या कागदानं तो थोडा आंबट आहे हे तपासलं आणि मग गुळव्यानं त्यात चुन्याची निवळी का घातली हे त्यांना आपोआप समजलं. भेंडीच्या खोडाचा बुळबुळीत रस टाकला, की मळी गोळा होऊन वर येते. ती झाऱ्यानं काढताना थोरलीनं हात लावला. थर्मामीटर पाकात घालायची परवानगी मिळाली, तेव्हा पारा १०० अंशांवर थांबेना. पाणी १०० अंशांना उकळतं हे तिला पाठ होतं. पण पाणी उडून पाक जसा दाट होतो तसा त्याचा उकळबिंदू वर चढतो आणि साधारण ११८ अंशांना गूळ उतरवायला होतो. गुळव्याकडे थर्मामीटर नव्हता. थेंबभर पाक गार पाण्यात टाकून, बोटांनी त्याची गोळी वळून तो तीच वेळ अचूक सांगत होता. धाकट्यानं शंभर किलो उसाला दहा-अकरा किलो गूळ हा हिशेब मांडला आणि उरलेलं सगळं कुठं गेलं, म्हणून विचारत बसला. चिपाडात किती, वाफेत किती, मळीत किती. त्याला टक्केवारी आली ती त्या दिवशी.

हरभऱ्याच्या रानात पहाटे ओलं फडकं फिरवून आंब गोळा करायची पद्धत आमच्याकडच्या जुन्या बायकांना माहीत आहे. तो आंबटपणा मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्लांचा, हे मुलांना माहीत झालं. हुरड्याच्या दिवसांत ज्वारीवर भोरड्यांचे थवे उतरतात. ते युरोप आणि मध्य आशियातून येतात आणि शेतकरी त्यांना गोफणीनं का हाकलतो, हे बांधावर उभं राहूनच कळतं. भिगवणला रोहित पक्षी कधी दिसतात, हे कॅलेंडरवर अवलंबून नसतं. उजनीचं पाणी ओसरून चिखल उघडा पडला तर ते येतात, धरण काठोकाठ भरलेलं असेल तर लांबतात. त्याच पाण्यावर पट्टकादंब उतरतात. तिबेट-मंगोलियाच्या सरोवरांकडून निघून सात हजार मीटरहून उंचावरून हिमालय ओलांडणारे हे पक्षी आहेत. मारुती चितमपल्लींचा पक्षिकोश मुलांच्या हाताशी असतो, पण ओळख पटते ती नावाडी बोट दाखवतो तेव्हा. हे सगळं सोडून माझ्या मुलांनी थंडीत नेमकं काय गमावलं, ते मला कोणी सांगावं.

गॅदरिंग, असं उत्तर येतं. मुलांनी रंगमंचावर उभं राहावं, गावं, नाचावं याला माझा विरोध कसा असेल? पण डिसेंबरमधले आठवडेच्या आठवडे कशात जातात, हे प्रत्येक पालकाला माहीत आहे. ध्वनिमुद्रित सिनेगीतावर एकसारख्या हालचाली बसवायच्या, भाड्यानं आणलेले कपडे घालायचे, आणि ज्यांची निवड झाली नाही त्यांनी वर्गात गप्प बसून राहायचं. निवड न झालेली मुलं नेहमीच जास्त असतात. जे मूल त्या रांगेत शेवटी उभं असतं, त्याच्यासाठी ही थंडी सुंदर असते का?

आणि सकाळचं काय? जानेवारीत आमच्याकडे सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. सकाळच्या सत्राची लहान मुलं त्याआधी, अंधारात, डोळे चोळत शाळेच्या गाडीची वाट पाहत उभी राहत आली आहेत. हे चूक आहे, असं महाराष्ट्र सरकारलाच वाटलं आणि २०२४ च्या फेब्रुवारीत पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय झाला. मुलांची झोप पुरी होत नाही हे त्यामागचं कारण. म्हणजे वर्षानुवर्षं ज्याला शिस्त म्हटलं जात होतं, ते मुलांना अपायकारक होतं हे मान्य करायला २०२४ साल उजाडावं लागलं. मग तीच शिस्त माझ्या घरात नाही, म्हणून मला दोष का? माझी मुलं थंडीत पोटभर झोपतात. आणि जेव्हा भोरड्या पाहायच्या असतात, तेव्हा कोणी न उठवता पहाटे उठतात. ज्या कामात मन आहे त्या कामासाठी स्वतः उठणं ही शिस्त आहे. घंटा वाजली म्हणून उठणं मला पुरेसं वाटत नाही.

आता मित्रांचा मुद्दा. हा इतका सर्वांच्या तोंडी असतो, की त्याचा कोणी विचारच करत नाही. समाजात मिसळणं म्हणजे काय? एकाच वर्षी जन्मलेल्या तीस-चाळीस मुलांनी एका खोलीत, एकाच दिशेला तोंड करून, परवानगीशिवाय न बोलता बसणं? असा समाज शाळेबाहेर कुठं असतो? शेतात, बाजारात, कार्यालयात, घरात, कुठंही माणूस फक्त स्वतःच्या वयाच्या लोकांबरोबर काम करत नाही. माझा धाकटा गुळव्याशी, नावाड्याशी, पोस्टमनशी, शेजारच्या आजींशी, आणि दिवाळीनंतर कोकणाच्या वाटेला लागणाऱ्या मेंढपाळांच्या मुलांशी बोलतो. तो मोठ्यांना प्रश्न विचारतो आणि लहानांना उत्तरं देतो. संध्याकाळी गल्लीत क्रिकेट असतं, त्यात शाळेतली सगळी मुलं असतात आणि त्यांना तो कधी परका वाटलेला नाही. तो परका आहे असं फक्त मोठ्या माणसांना वाटतं. शाळेत एकटी पडणारी, छळली जाणारी, वर्षभर कोणाशी न बोलणारी मुलं नसतात का? त्यांच्या आईबापांना कोणी विचारतं का, की पोरांना समाजात मिसळू का देत नाही?

प्रमाणपत्राची गोष्ट लगेच संपण्यासारखी आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था १९८९ पासून आहे, तिथे वयाची चौदा वर्षं पूर्ण झाली की दहावीला बसता येतं. महाराष्ट्राचं स्वतःचं मुक्त विद्यालय मंडळ आहे. आणि आपल्या राज्यात सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी झालेली माणसं प्रत्येक गावात आहेत. त्यांतले कित्येक आज दुकानं चालवतात, वकिली करतात, सरकारी नोकरीत आहेत. सतरा नंबरला आपण नापासांचा फॉर्म समजतो, हा आपला दोष. तो फॉर्म बाहेरून परीक्षा देणाऱ्याचा आहे आणि घरी शिकणारं मूल बाहेरूनच परीक्षा देणार. पुढे ऑलिम्पियाड जिंकणारी, परदेशी विद्यापीठात जाणारी घरशिक्षित मुलं आहेत, असा दाखला आमच्या बाजूचे लोक देतात. मी तो देणार नाही. माझी मुलं साधी आहेत, आणि साध्या मुलाला नीट शिकता येतं का हाच प्रश्न आहे.

मग नीट शिकता येतं का, याची कसोटी शाळेलाही लावू या. 'असर' या शैक्षणिक पाहणीचे सर्वेक्षक २००५ पासून गावोगावी जाऊन मुलांच्या घरी मुलांना वाचायला देतात. २०२२ च्या अहवालात, ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी सुमारे ४३ टक्के मुलंच दुसरीच्या पुस्तकातला मजकूर वाचू शकली. ही सगळी पटावरची मुलं. त्यांची हजेरी लागली होती, त्यांना दप्तर, गणवेश, खिचडी मिळत होती. पाच वर्षं पटावर असूनही निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीचं पुस्तक वाचता येत नसेल, तर 'मूल शाळेत जातं' या वाक्यानं नेमकं काय सिद्ध होतं? मी शिक्षकांना दोष देत नाही. निवडणुका, जनगणना, सर्वेक्षणं आणि न संपणाऱ्या माहितीच्या रकान्यांमध्ये त्यांना आपण किती पिळतो, हे मला ठाऊक आहे. माझा राग हजेरीलाच शिक्षण समजणाऱ्या विचारावर आहे.

आता तो जड आरोप. मी तो मनाला लावून घेतला आहे, कारण ज्यांचं नाव घेऊन तो केला जातो, ती नावं माझ्यासाठीही मोठी आहेत. ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, मला दरवर्षी एक तरी निरोप येतो: बाईंनी मुलींना घराबाहेर काढलं आणि तुम्ही परत घरात नेता. पण सावित्रीबाईंना पहिली अक्षरं कोणी शिकवली? जोतिरावांनी, घरी. कारण त्यांच्यासाठी उघडं असलेलं दारच नव्हतं. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात त्यांनी मुलींची शाळा सुरू केली, ती ज्ञान अडवून धरणाऱ्यांच्या विरोधात. शूद्रातिशूद्रांना आणि बायकांना अक्षर दिसू नये म्हणून ज्यांनी घरं आणि पाठशाळा दोन्ही बंद ठेवली, त्यांच्याशी ते लढत होते. त्यांचं भांडण मुलाला अंगणात बसवून शिकवणाऱ्या आईशी होतं का? पंडिता रमाबाई लहानपणी शाळेत कधी गेल्या? गंगामूळच्या रानात आणि पुढे तीर्थयात्रेच्या वाटेवर आईनं त्यांना संस्कृत शिकवलं. त्याच रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. घरी शिकलेली बाई आणि शाळा काढणारी बाई या एकमेकींच्या शत्रू नव्हत्या. अनेकदा ती एकच बाई होती.

आणि ताराबाई मोडक, अनुताई वाघ? बोर्डी आणि कोसबाडच्या आदिवासी मुलांना शाळेच्या वेळेत गुरं राखायला जावं लागतं हे पाहून त्यांनी मुलांना दोष दिला नाही, आईबापांना नोटिसा धाडल्या नाहीत. त्या शाळा घेऊन कुरणात गेल्या. कुरणशाळा ही महाराष्ट्राची देणगी आहे. पाड्यावरच्या अंगणात भरणाऱ्या बालवाडीतून पुढे साऱ्या देशाला अंगणवाडी हे नाव मिळालं. मुलाचं आयुष्य जिथं आणि ज्या ऋतूत चाललं आहे, तिथं आणि त्या ऋतूत शिकणं न्यायचं, हा जर आपला वारसा असेल, तर मी तो मोडते आहे की पाळते आहे?

"तुला परवडतं म्हणून तू करतेस," असं यावर ऐकवलं जातं. हो. मी घरी असते, नवऱ्याची नोकरी आहे, घरात पुस्तकं आहेत. प्रत्येक घरानं असं करावं असं मी कधीही म्हटलेलं नाही, आणि गावातली जिल्हा परिषदेची शाळा बंद पडू लागली तर ती वाचवायला मी पहिली उभी राहीन. पण ज्यांना माझ्या सुस्थितीचा इतका त्रास होतो, त्यांनी थंडीच्या याच चार महिन्यांत जरा साखर कारखान्याच्या बाजूला पाहावं.

गळीत हंगाम सुरू झाला, की बीड, अहिल्यानगर, जालना, परभणीकडून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडेपर्यंत परतता येत नाही. उसाच्या पाचटाच्या कोपीत राहायचं, पहाटे अंधारात फडावर जायचं. हा हंगाम मार्च-एप्रिलपर्यंत चालतो, म्हणजे शाळेचं अख्खं दुसरं सत्र. त्यांच्याबरोबर आलेली माझ्या थोरलीच्या वयाची एक मुलगी मागच्या हंगामात दिवसभर कोपीपाशी धाकट्या भावाला सांभाळत बसलेली असे. तिच्या गावच्या शाळेच्या पटावर तिचं नाव आहे. कागदावर ती शाळेत आहे, माझी मुलगी नाही. थंडीत शिक्षण बुडणारं मूल पाहायचंच असेल, तर ते कुठल्या अंगणात आहे?

साखरशाळा झाल्या, हंगामी वसतिगृहं झाली, मुलांनी जिथं जातील तिथल्या शाळेत बसावं म्हणून शिक्षण हमी कार्डं आली. या प्रयत्नांत राबणाऱ्या माणसांबद्दल मला आदर आहे. पण अजूनही त्या तळांवर मुलं आहेत आणि दिवसभर मोकळी आहेत, हे कोणीही डोळ्यांनी पाहू शकतं. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. मला गप्प करायला लोक त्यातलं कलम १० दाखवतात, मुलाला शाळेत दाखल करणं हे पालकाचं कर्तव्य सांगणारं. त्या कायद्यात पालकाला शिक्षा नाही, हे ते सांगत नाहीत. घरी शिकणाऱ्या मुलांबद्दल कायदा स्पष्ट काहीच बोलत नाही, हेही सांगत नाहीत. पण त्याच कायद्याचं कलम ८ प्रत्येक मुलाचा प्रवेश, उपस्थिती आणि शिक्षणाची पूर्तता यांची सक्ती सरकारवर करतं. कलम ९ मध्ये स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणं हे स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्य म्हणून लिहिलं आहे. ही कलमं घेऊन कारखान्याच्या तळावर जाताना मी कोणाला पाहिलेलं नाही. माझ्या दारात मात्र कायदा सांगणारे बरेच येतात.

दोन्हीकडे चूक एकच आहे. मूल भिंतींच्या आत असलं आणि पटावर खूण पडली, की शिक्षण झालं, असं मानलं जातं. त्यामुळे माझी शिकणारी मुलं बुडालेली दिसतात आणि ती बुडणारी मुलगी हजर दिसते. माझ्या मुलांना थंडीतून उचलून वर्गात बसवलं, तर तिच्या आयुष्यात काय बदलणार आहे? तिला हवा आहे कोपीपर्यंत येणारा शिक्षक. भाऊ झोपलेला असताना तासभर शिकवणारा, तिच्या आईच्या उसाच्या मोळ्यांच्या हिशेबातून गुणाकार काढणारा, मुकादमाच्या वहीत काय लिहिलं आहे हे तिला वाचता यावं म्हणून झटणारा. कुरणात जाणाऱ्या शाळेची जी परंपरा आपल्याकडे आहे, तिला आज सगळ्यात जास्त गरज उसाच्या फडावर आहे. ते काम करणाऱ्याला घरी शिकवणारे पालक परके वाटणार नाहीत, कारण दोघंही मुलाचा दिवस जसा आहे तसा घेऊन शिकवतात.

म्हणून माझं म्हणणं मागे घेण्याचा प्रश्नच नाही. घरी शिकणाऱ्या मुलांना कायद्यात स्पष्ट जागा द्या. त्यांची नोंद ठेवा, वर्षातून एकदा ती काय शिकली ते तपासा, मी स्वतः पहिली रांगेत उभी राहीन. तपासणी थंडीत ठेवलीत तर फारच उत्तम: सावलीची वही, पंचांगाची ताडणी, पाकाचं तापमान, पक्ष्यांच्या नोंदी, सगळं त्या वेळी ताजं असतं. आणि ज्या तत्परतेनं माझ्या घराची चौकशी होते, त्याच तत्परतेनं यंदाच्या हंगामात, ज्या दिवशी उसाचं गाळप सुरू होईल त्या दिवशी, प्रत्येक कारखान्याच्या तळावर सहा ते चौदा वयाची किती मुलं उतरली आणि त्यांच्यासाठी कोणता शिक्षक नेमला, याची यादी गटशिक्षणाधिकाऱ्यांनी कारखान्याच्या फाटकावर लावावी.